‘ध’चा ‘मा’ करणारा स्लायडर

साधा मोबाईल फोटो पाच मिनिटांत प्रोफेशनल कसा करायचा, हे सांगणारे व्हिडिओ आणि लेख आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेत. सल्ला साधारण एकाच साच्याचा असतो. फोटो सरळ करा, कडा कापा, उजेड वाढवा, कॉन्ट्रास्ट द्या, शार्पन करा, नॉइज घालवा आणि शेवटी नको ते डाग पुसून टाका. लग्नाच्या अल्बमसाठी किंवा विभागाच्या कार्यक्रमाच्या पोस्टरसाठी यात काहीच गैर नाही. माझा आक्षेप आहे तो हाच क्रम प्रबंधातल्या फोटोंना डोळे मिटून लावण्यावर. तिथे वाचक फोटोकडे पुरावा म्हणून बघत असतो, आणि या सल्ल्यातल्या अर्ध्या पायऱ्या पुराव्यालाच हात घालतात.

पुण्यात तरी हे समजायला अवघड जाऊ नये. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्याची लोकांत रूढ झालेली कथा एका अक्षराभोवती फिरते: पत्रात ‘धरावे’ होतं, त्याचं ‘मारावे’ केलं गेलं. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर किती टिकते, तो वेगळा विषय. पण ‘ध’चा ‘मा’ हा शब्दप्रयोग टिकला, कारण एक फराटा बदलला की अर्थ उलटतो हे सगळ्यांना पटतं. आज तो फराटा बदलायला वाईट हेतू लागत नाही. स्लायडर थोडा जास्त ओढला तरी पुरतं.

समजा, तुम्ही एका मोडी कागदाचा फोटो काढलाय. नॉइज रिडक्शन म्हणजे काय? आजूबाजूशी न जुळणारे बारीक ठिपके सॉफ्टवेअर शोधतं आणि सपाट करतं. त्यातला कुठला ठिपका शाईचा शिंतोडा आणि कुठला अनुस्वार, हे त्याला कळत नाही. शार्पनिंगमध्ये प्रत्येक कडेची एक बाजू अधिक गडद आणि दुसरी अधिक उजळ होते. त्यामुळे कागदाची जुनी घडीसुद्धा कान्यासारखी दिसू शकते. आणि सगळ्यात धोकादायक ते डाग पुसणारं हीलिंग टूल. ते शेजारच्या कागदाचा पोत उचलून कसरीने खाल्लेल्या भोकावर बसवतं. भोक दिसत होतं तेव्हा वाचकाला कळत होतं की इथे एखादं अक्षर गेलं असेल. आता त्याला वाटेल, इथे कधी काही नव्हतंच.

दगडाचंही तेच. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं बेसाल्टमध्ये कोरलेलं आहे. शार्पनिंग जोरात केलं की दगडाचे नैसर्गिक खळगे आणि छिन्नीचे घाव सारखेच ठसठशीत होतात, आणि आपल्याला नेमका त्यांच्यातला फरक दाखवायचा असतो. इथे महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा साधी टॉर्च कामाला येते. ती बाजूने, अगदी तिरपी धरा. सावल्या पडतात आणि खोली आपोआप दिसते. हाच फोटो चार बाजूंनी उजेड टाकून चारदा काढा. प्रोफेशनल फोटोचं बरंचसं काम एडिटिंगच्या आधीच झालेलं असतं, हे त्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत क्वचितच सांगतात.

कोणी म्हणेल, मी कुठे काय बदलतोय, सॉफ्टवेअर फक्त स्वच्छ करतंय. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. फाईल लहान करण्यासाठी ती एकसारखे दिसणारे तुकडे एकच मानायची, आणि त्यात ६ चा ८ व्हायचा. प्रत अगदी स्वच्छ दिसायची, म्हणून कोणाला संशयही येत नसे. मोबाईलमधली आजची ‘एन्हान्स’ची बटणंसुद्धा बऱ्याचदा धूसर जागी काय असावं याचा अंदाज बांधून ती जागा भरतात. हे वाक्य पुढच्या वेळी ते बटण दाबताना आठवा.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी तर हा प्रश्न करिअरचा आहे. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ जैववैद्यकीय शोधनिबंध तपासले, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत शंकास्पद आकृत्या सापडल्या. सगळीकडे लबाडी होती असं नाही, पण मूळ प्रतिमा जवळ नसेल तर चूक आणि लबाडी यांतला फरक सिद्ध कसा करणार?

मग एडिटिंग करूच नये का? करावं. काळपट फोटो उजळल्याशिवाय वाचता येत नसेल तर उजळलाच पाहिजे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने घालून दिलेला नियम सगळ्याच शाखांना चालण्यासारखा आहे. त्याचा मथितार्थ असा: उजेड-कॉन्ट्रास्टचा बदल संपूर्ण प्रतिमेला सारखा लावा, एखादा भाग निवडून ठळक करू नका, लपवू नका, हलवू नका, आणि मूळ माहिती झाकली जाईल इतकं काही करू नका.

आता सॉफ्टवेअरबद्दल. तिन्ही फुकट आहेत, म्हणून किमतीचा प्रश्न नाही. माझी कसोटी एकच: केलेले बदल ते लक्षात ठेवतं का? स्नॅपसीड फोनवर झटपट चालतं, पण एक्स्पोर्ट केल्यावर हातात फक्त अंतिम चित्र उरतं. पोस्टरसाठी ठीक, प्रबंधासाठी नको. गिंप ताकदवान आहे, आणि २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून त्यात फिल्टर मूळ थराला धक्का न लावता ठेवता येतात. तरीही फाईल बंद केली की अनडूची यादी जाते. डार्कटेबल शिकायला त्रास देतं, पहिला आठवडा वैताग येतो. पण ते मूळ फाईलला हात लावत नाही, प्रत्येक पायरी शेजारच्या वेगळ्या छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. संशोधनासाठी माझं मत त्यालाच. सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा असतील तर फिजी वापरा. त्यातला रेकॉर्डर तुमच्या कमांड टिपून ठेवतो.

सवय मात्र सॉफ्टवेअर लावणार नाही, ती आपल्यालाच लावून घ्यायची आहे. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तो कधीच बदलू नका. संपादित प्रतीला वेगळं नाव द्या. आकृतीखाली एक ओळ लिहा: ‘संपूर्ण प्रतिमेचा कॉन्ट्रास्ट वाढवला आहे.’ एवढ्या एका ओळीने तुमचा फोटो कमी देखणा होत नाही. आणि मौखिक परीक्षेत कोणी विचारलं की हे अक्षर मूळ फोटोत दाखवा, तर लॅपटॉप उघडून ते दाखवता आलं पाहिजे.