कादंबरीच्या वेशीपर्यंत

मुलांच्या हाती कादंबरी देण्यापूर्वी त्यांची तयारी करून घ्यावी, हे आम्हा मास्तर मंडळींचे आवडते मत आहे. लेखकाचा परिचय, कठीण शब्दांचे अर्थ, कथेचा आशय, एवढी शिदोरी बांधून दिली की मूल सुखरूप पैलतीर गाठील, अशी आपली समजूत असते. माझीही होती. ती कशी ढासळली, ते सांगतो. टीकाशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि मुलांना शिकवले, एवढ्याच अधिकाराने बोलतो आहे.

आमची शाळा अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूची. नववीच्या वर्गाला अवांतर वाचन म्हणून मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. १९५५ साली निघालेली ही कादंबरी आकाराने लहान, भाषेने सोपी. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढेच सूत्र. पण मुलूख माणदेशाचा! आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिकडे पाचशेच्या आसपास. लाटांच्या आवाजात झोपणाऱ्या मुलांना तो उघडा माळ कसा कळावा? मी कंबर कसली. फळाभर शब्दार्थ लिहिले, पहिल्याच तासाला शेवटचा दुष्काळही सांगून टाकला, आणि 'ही माणूस व निसर्ग यांच्या झगड्याची कथा आहे' असे एक भारदस्त वाक्य उतरवून दिले.

पुस्तक संपल्यावर अभिप्राय मागवले. जवळजवळ प्रत्येक वहीत तेच वाक्य. माझेच! एका मुलीने मात्र प्रामाणिकपणे लिहिले होते, की शेवट ठाऊक होता म्हणून मधली पाने गाळली.

त्या रात्री मी कादंबरी पुन्हा वाचली आणि माझी चूक मला उमगली. माडगूळकर वाचकाला आधी काहीच समजावून सांगत नाहीत. राजाराम सौंदणीकर वाडीवर येतो तेव्हा त्याला तिथली रीत ठाऊक नसते. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसे एकेक करून त्याला भेटतात, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. मुले शाळेऐवजी मेंढरांमागे का असतात, हे त्याला हळूहळू कळते. पुढे सारी वाडी राबून तालीम उभी करते, खुद्द औंधचे राजे येतात, आणि आपली छाती भरून येते. मग पाऊस पाठ फिरवतो. तो घाव लागतो, कारण तोवर आपण त्या वाडीचे झालेले असतो. ज्याला दुष्काळ आधीच ठाऊक आहे, त्याला तालमीच्या भिंती चढताना कसला आनंद होणार? जे काम कादंबरी करणार होती, ते मी घाईने आणि वाईट रीतीने उरकले होते.

मग काहीच सांगू नये काय? तसेही नाही. 'संस्थान' म्हणताच आमच्या मुलांना शिर्डी आठवली. देवस्थानाचा कारभार, एवढाच त्यांचा अर्थ. राजाचे संस्थान असे, औंधही १९४८ साली विलीन झाले, हे सांगावेच लागते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वाचायची तर बालविवाह आणि केशवपन या चाली सांगाव्याच लागतात. मात्र यमूचे पुढे काय होते, ते सांगू नये. वेशीपर्यंत पोहोचवावे, गावात मुलाने आपल्या पायांनी शिरावे.

दुसऱ्या वर्षी मी कथेबद्दल अवाक्षर काढले नाही. तीनच प्रश्न दिले. भातकापणीनंतर आपल्या शेतात कोणाची मेंढरे बसतात? परका माणूस तुमच्या गावात राहायला आला, तर आधी कोणाला भेटेल? आणि तुमचे गाव कधी ओस पडते काय? घरी विचारून या.

पहिल्याचे उत्तर सोपे निघाले. घाटावरचे धनगर येतात, खतासाठी मेंढरे शेतात बसवतात, शेतकरी त्यांना धान्य देतो. बनगरवाडीची भाऊबंद माणसे दरसाल आमच्या बांधापर्यंत येत होती आणि मी फळ्यावर घोंगडीचा अर्थ लिहीत बसलो होतो! दुसऱ्याला कोणी सरपंच सांगितला, कोणी चहावाला. तिसऱ्या प्रश्नाला मुले हसली. ओस कसले, गणपतीत घरात पाय ठेवायला जागा नसते! तेवढ्यात मागच्या बाकावरून एक कातकरी मुलगा म्हणाला, "आमची वाडी पडते. दिवाळी झाली का समदी वीटभट्टीवर जातात. मी आजीपाशी राहतो."

वर्ग गप्प झाला. शेवटची प्रकरणे वाचताना त्याच मुलाने विचारले, "सर, वाडीच उठून गेल्यावर मास्तरानं शिकवायचं कोणाला?" कादंबरीचे वर्म यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते. त्याच्या वाडीतल्या मुलांच्या नावांपुढे मी वर्षानुवर्षे 'गैरहजर' लिहीत आलो होतो. ती कुठे जातात, हे एकदाही विचारले नव्हते. तयारी त्याची करायची नव्हती. ती माझी व्हायची होती.

या दिवाळीत घरातल्या मुलांना पुस्तक द्याल, तेव्हा गोष्ट सांगू नका. आपल्या गावाबद्दल एखादा प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. हा अंक तुम्ही वाचाल त्या सुमारास घाटावरून मेंढरे उतरू लागली असतील, आणि आमच्याकडच्या काही वाड्या उठू लागल्या असतील.