विनोदी प्रणयकादंबरी आणि नायिकेचे आत्मनिवेदन

प्रणयकादंबरीचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो, हा आक्षेप या वाङ्मयप्रकारावर वारंवार घेतला जातो. मात्र त्यातून निघणारा पुढचा प्रश्न आपली समीक्षा क्वचितच विचारते : शेवट ठाऊक असूनही वाचक कशाच्या ओढीने वाचत राहतो? ‘स्वप्नरंजन’ हे उत्तर सोयीचे आहे, पण ज्या कादंबऱ्यांत विनोद व्यक्तिरेखेच्या स्वभावातूनच उगवतो तेथे ते अपुरे पडते. हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (१९९६) ही या प्रकारातील बहुचर्चित कादंबरी. लंडनच्या ‘द इंडिपेन्डन्ट’ या दैनिकात १९९५ पासून चाललेल्या सदरातून ती आकाराला आली.

कथानक जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीवर उघडपणे बेतलेले आहे. नायकाचे आडनावही डार्सीच. साम्य येथवर. एलिझाबेथ हसते ती जगाला. डार्सीने नृत्यसमारंभात केलेला अपमानही ती मैत्रिणींना रंगवून सांगते, आणि त्या हसण्यातून तिची विवेकशक्ती प्रकट होते. ब्रिजेट हसते ती प्रामुख्याने स्वतःला. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले आहेत. ती परिभाषा थोडी ताणून वापरली, तर दोन नायिकांमधील अंतर तिच्यात नेमके पकडता येते.

या आत्मस्थ हास्याचे कार्य पहिल्याच नोंदीत दिसते. नववर्षाच्या दिवशी आईच्या मैत्रिणीकडील मेजवानीत मार्क डार्सी ब्रिजेटला, अलीकडे काय वाचले, असे विचारतो. ती सुझन फलूदी यांच्या ‘बॅकलॅश’ (१९९१) या स्त्रीवादी ग्रंथाचे नाव ठोकून देते. तो तिने वाचलेला नाही. मार्कने नेमका वाचलेला आहे. प्रसंग क्षणभराचा, परंतु ही थाप त्या क्षणी ब्रिजेटखेरीज केवळ वाचकाला ठाऊक आहे. रोजनिशी या निवेदनप्रकाराने त्याला तिच्या अप्रतिष्ठेत भागीदार करून घेतले आहे. नायकाने नायिकेला ओळखण्याच्या कितीतरी आधी वाचकाने तिला ओळखलेले असते, आणि तिच्या दोषांसकट पसंतही केलेले असते. मग उरते एकच उत्कंठा : आपल्याला जी दिसली ती त्याला दिसेल काय? या प्रकारातील नायक म्हणजे उशिरा पोहोचलेला वाचक, असे म्हणायला हरकत नाही. सूपाला दोऱ्याचा निळा रंग चढतो त्या फजितीच्या मेजवानीला मार्क हजर असतो, आणि तरीही मागे सरत नाही. तेव्हा होणारा आनंद मीलनाचा कमी व आपली पारख खरी ठरल्याचा अधिक असतो.

मराठी वाचकाला ही प्रयुक्ती अनोळखी नाही. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो आणि म्हणूनच आपलासा होतो. परंतु चिमणराव गृहस्थ आहे. त्याला कोणाच्या पसंतीस उतरायचे नाही. उलट, ना. सी. फडके यांच्या प्रणयकथेत पसंतीच केंद्रस्थानी असते, मात्र तिथली नायिका हास्यास्पद होण्याचा धोका सहसा पत्करत नाही. सौंदर्याला फजिती मानवत नाही, असा जणू संकेतच होता. विनोद आणि प्रणय यांची घरे आपण वेगळी ठेवली. शृंगारापासून हास्य उत्पन्न होते, हे भरतवचन आपल्याकडे पाठ असूनही.

येथवर विनोदाच्या बाजूने बोललो. एक अडचण मात्र टाळता येत नाही. ब्रिजेटच्या नोंदी वजन, मद्य, सिगारेटी आणि उष्मांक यांच्या आकड्यांनी सुरू होतात. हा नेम विनोदाचा विषय आहे, त्याला नकार मात्र नाही. वर्षअखेरच्या ताळेबंदात वाढलेले आणि घटलेले वजन जवळजवळ सारखेच भरते, आणि आपण हसतो. हे हसू स्त्रीदेहावरील पहाऱ्याची निरर्थकता उघड करते, की तो पहारा सुसह्य करते? मला वाटते, दोन्ही. आणि दुसरे अधिक. ज्या दुःखाची थट्टा इतकी गोड जमते, ते दूर करण्याची निकड त्या थट्टेतच विरून जाते. २००१ च्या चित्रपटातील मार्क नायिकेला ती आहे तशीच आवडत असल्याचे बोलून दाखवतो, आणि प्रेक्षक सुखावतो. पण त्या आश्वासनाची गरज ज्या तराजूमुळे निर्माण झाली, तो तराजू चित्रपट हलवीत नाही.

या मालिकेतील ‘मॅड अबाउट द बॉय’ (२०१३) या कादंबरीत मार्क हयात नाही. ब्रिजेट पन्नाशी ओलांडलेली, दोन मुलांची आई आहे. नोंदींच्या आरंभी वजन अजूनही लिहिलेले असते; त्याच्या जोडीला आता ट्विटरवरील अनुयायांची संख्या आली आहे.