चांदोरचा वाडा : एक दर्शनी भिंत, दोन घरे

गोव्यातील चांदोर गावी ब्रागांझा घराण्याच्या वाड्यासमोर उभे राहिलेले पर्यटक बहुधा एकच उद्गार काढतात : ‘केवढा हा पोर्तुगीज महाल!’ आम्हांस हा उद्गार अपुरा वाटतो. उंबरठ्यावरून परतलेल्याने घराविषयी मत देऊ नये.

दर्शनी भिंत देखणी आहे, हे मान्यच. वरच्या मजल्यावर एका ओळीत २४ खिडक्या आहेत. मनोरा नाही, कळस नाही. उंचीपेक्षा लांबीनेच ही वास्तू मन भारून टाकते. मूळ घर सतराव्या शतकातील मानले जाते. पुढील पिढ्यांनी ते वाढविले. गोव्यातील जुनी हिंदू घरे आतल्या चौकाकडे पाहतात. ख्रिस्ती घरांनी मात्र रस्त्याकडे तोंड केले. या खिडक्यांत पाश्चात्त्य शैली आहे, तसेच पाहण्याची आणि दिसण्याची हौसही आहे. परंतु जांभा दगड, उतरती कौले आणि राबणारे हात याच मातीतले होते. मग हे घर परक्यांचे कसे?

आत शिरल्यावर कळते की, या एका भिंतीमागे दोन घरे आहेत. पूर्वेकडे ब्रागांझा-परेरा शाखेचे घर आहे. तेथील प्रार्थनामंदिरात संत फ्रान्सिस झेविअर यांच्या नखाचा पवित्र अवशेष भक्तिभावाने जपला आहे. पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा शाखेचे घर व सुमारे ५,००० ग्रंथांचा संग्रह आहे. याच शाखेतील लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांनी १९०० साली ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक काढण्यात पुढाकार घेतला आणि १९३० साली विधिमंडळात वसाहतविषयक कायद्याला विरोध करून गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. धर्मसत्ता व राजसत्ता यांची सरमिसळ त्यांना मान्य नव्हती. ज्या वाड्यास महाल म्हणून मिरविले जाते, त्यातूनच परकीय सत्तेला प्रश्न विचारला गेला! श्रद्धा आणि शंका एका छपराखाली नांदू शकतात, ही या वास्तूची खरी थोरवी आम्हांस वाटते.

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे. नृत्यदालन, झुंबरे, चिनी मातीची भांडी यांचे कौतुक ऐकू येते. ज्या कुळांच्या घामावर हे वैभव उभे राहिले, त्यांची खूण दालनांत सापडत नाही. १९६१ नंतरच्या कूळ कायद्यांनी जमिनी कसणाऱ्यांकडे गेल्या. तो न्यायच होता. पण त्याबरोबर घराचे उत्पन्न आटले आणि देखभालीसाठी पाहुण्यांच्या देणगीची वाट पाहावी लागू लागली. न्याय व्हावा आणि घरही टिकावे, हा पेच केवळ एका घराण्याचा नाही.

आमच्या वसईतही जुनी कौलारू घरे एकामागून एक पडत आहेत. ती महाल नव्हती, म्हणून त्यांची नोंद कोणी घेत नाही. परंतु जेथे सायंकाळी सारे कुटुंब गुडघे टेकून रोझरी म्हणत असे, त्या ओटीलाही इतिहास आहे. घर पाडणे कधी अटळ असेल. मात्र ते कोणी बांधले, कोण त्यात राहिले आणि कोण त्यात राबले, एवढे तरी वडीलधाऱ्यांना विचारून आपण लिहून ठेवणार आहोत काय?