लिनक्समधील लाइव्ह पॅचची पॅकेजबांधणी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कर्नल हा लिनक्स कार्यप्रणालीचा गाभा होय. त्यात सुरक्षाविषयक त्रुटी आढळल्यास दुरुस्त कर्नल बसवून संगणक पुन्हा सुरू करणे, ही रूढ पद्धत आहे. परंतु प्रवेशाच्या वा निकालाच्या दिवसांत कोल्हापूरनजीकच्या कळंब्यातील एखाद्या महाविद्यालयालाही सर्व्हर बंद ठेवणे परवडत नाही. चालू कर्नलमधील सदोष फंक्शनकडे जाणारी हाक दुरुस्त फंक्शनकडे वळविणारा 'लाइव्ह पॅच' हा त्यावरील उपाय आहे. २००८ मधील केस्प्लाइस, २०१४ मधील रेड हॅटचा केपॅच व सुसेचा केग्राफ्ट आणि २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये समाविष्ट झालेली सामायिक यंत्रणा, असा त्याचा विकासक्रम आहे. हा पॅच ज्या पॅकेजद्वारे वापरकर्त्यापर्यंत पोहोचतो, त्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पॅकेजचे गुण :
लाइव्ह पॅच हे कर्नल मॉड्यूल असून ते ज्या कर्नलसाठी बांधले, त्याच आवृत्तीवर चालते. म्हणूनच रेड हॅटच्या पॅकेजच्या नावातच कर्नलची आवृत्ती गुंफलेली असते. प्रत्येक नवे पॅकेज संचयी असल्याने पूर्वीच्या दुरुस्त्याही त्यात येतात व क्रम चुकण्याचा धोका टळतो. पॅच केवळ स्मृतीत लागू होत असल्याने संगणक सुरू होताना तो पुन्हा चढविण्याची व्यवस्थाही केलेली असते.

पॅकेजच्या मर्यादा :
'बसविले' आणि 'लागू झाले' यांतील अंतर ही मुख्य मर्यादा होय. रेड हॅटच्या व्यवस्थेत कर्नलसाठीचे पहिले पॅकेज रिकामे असते. पुढील पॅच मिळावेत एवढीच त्याने केलेली नोंदणी असते. पॅकेजांच्या यादीत ते दिसले, तरी त्यात दुरुस्ती नसते. उलट पॅच लागू झाल्यावरही कर्नलचा आवृत्ती-क्रमांक जुनाच दिसतो. त्यामुळे केवळ क्रमांक पाहणाऱ्या तपासनिसाला सुरक्षित सर्व्हर असुरक्षित भासतो. 'केपॅच लिस्ट' ही आज्ञा चढविलेले व बसविलेले पॅच वेगवेगळे दाखविते, ते याच कारणाने.

दुसरी मर्यादा स्वाक्षरीची आहे. पॅच बांधण्याची साधने मुक्त असली, तरी सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकावर मान्य किल्लीची स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल सामान्यतः चढत नाही. स्वतः पॅच बांधणाऱ्या संस्थेला किल्लीची नोंदणी आणि जपणूकही करावी लागते. शिवाय माहितीच्या रचनेत बदल करणाऱ्या दुरुस्त्या या मार्गाने करणे अवघड असते. लहान संस्थेला एवढे कौशल्य राखणे कठीण जाते. परिणामी ती सशुल्क सेवेकडे वळते किंवा दुरुस्ती लांबणीवर टाकते. मुक्त स्रोताचा लाभ येथे अर्ध्यावरच थांबतो.

निष्कर्ष :
लाइव्ह पॅच हा पुनःप्रारंभाला पर्याय नसून त्यासाठी सोयीची वेळ मिळवून देणारा उपाय आहे. पॅकेज बसल्याच्या नोंदीवर विसंबून न राहता चालू कर्नलमध्ये पॅच खरोखर चढला आहे का, हे तपासणे आणि सुट्टीच्या काळात पूर्ण दुरुस्त कर्नल बसविणे, ही शिस्त महाविद्यालयीन संगणक विभागांनी अंगीकारणे आवश्यक आहे.