फेरिस्त्याचें वाचन व परदेशवास

कास्पियन समुद्राजवळील अस्तराबादेहून बालपणीं अहमदनगरास आलेल्या महंमद कासीम फेरिस्त्याचा आधार निजामशाहीच्या इतिहासास पदोपदीं घ्यावा लागतो. आपण वाचलेल्या ग्रंथांची यादी त्यानें प्रस्तावनेंतच दिली आहे. असा प्रांजळपणा तवारीखकारांत विरळा. परंतु अहमदनगरचें त्याचें ज्ञान केवळ पुस्तकी नव्हे. त्याचा बाप मीरान हुसेनाचा फारसीचा शिक्षक. मुर्तजा निजामशहाविरुद्ध बंड झालें तेव्हां स्वतः तो राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता, व मीरान हुसेनानें सहाध्यायी म्हणून त्यास वांचविलें. इ. स. १५८९ त मीरान हुसेन मारला गेला व जमालखानाच्या दक्षिणी पक्षानें परदेशीयांची कत्तल केली. त्याच वर्षीं फेरिस्ता विजापुरास गेला. तेव्हां दक्षिणी-परदेशी कलहाविषयींचा त्याचा मजकूर जितका माहितगाराचा तितकाच पक्षकाराचा आहे. त्या भागास सय्यद अलीचें ‘बुऱ्हान-इ-मासिर’ ताडून पाहावें. मात्र तोही परदेशीयच, हें विसरूं नये. ब्रिग्जच्या १८२९ च्या इंग्रजी भाषांतरावरही विसंबून चालणार नाहीं. साधुपुरुषांविषयींचें शेवटचें प्रकरण त्यांत गाळलें आहे. सबब संग्राहकांनीं मूळ फारसी प्रती जपाव्या, व निर्णय त्यांवरूनच करावा.