‘पिकमिन २’: निधी, नाव आणि मूल्य

निंटेंडोच्या ‘पिकमिन २’ (2004) या व्हिडिओ गेमच्या संहितेचा आरंभ एका कर्जातून होतो. कंपनीचे 10,100 पोकोंचे देणे फेडण्यासाठी तिचा नोकर ऑलिमार परग्रहावर परततो आणि पिकमिन या वनस्पतिसदृश जीवांकरवी 201 ‘निधी’ गोळा करू लागतो. हे निधी म्हणजे बाटल्यांची झाकणे, बॅटऱ्या, फळे. माणूस अनुपस्थित आहे. उरल्या आहेत त्या त्याच्या वस्तू. खेळाडूच्या ओळखीच्या या वस्तूंना यान नवी, भारदस्त नावे आणि किंमत बहाल करते.

श्क्लोव्स्कीने 1917 मध्ये मांडलेले अपरिचितीकरण ते हेच, असे वाटू शकेल. परंतु त्याच्या मते कलेने वस्तूची संवेदना परत मिळवून द्यावयाची असते. येथे वस्तूची ओळख पुसली जाताच तिला किंमत चिकटते.

पूर्णतः पुरलेले निधी केवळ पांढऱ्या पिकमिनांनाच हुडकता येतात. म्हणजे शोध श्रमिकांचा, नामकरण यंत्राचे आणि लाभ कंपनीचा. भुयारांत मारलेल्या प्राण्यांच्या कलेवरांचेही पोको मिळतात. मृत पिकमिनांची मात्र केवळ संख्या नोंदली जाते. कर्ज फिटते, ही संख्या हिशेबाबाहेरच राहते. संहितेत खोल पुरलेले आहे ते हे न फिटलेले देणे.