गाँटवरची एक बाई

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘तेहानू’ (१९९०) या कादंबरीत थोर मांत्रिक ओगियन याच्या मृत्यूचा प्रसंग आहे. ही कादंबरी ज्या मालिकेतली, त्या अर्थसीच्या काल्पनिक जगात माणसाचं खरं नाव म्हणजे त्याचं सर्वस्व. ते जिवाभावाच्या माणसालाच सांगायचं. ओगियन मरताना ते कादंबरीची नायिका टेनार हिला सांगतो. मग दोन मांत्रिक येतात, एक बंदरावरचा, एक सरदाराच्या वाड्यावरचा. देह कुठे पुरायचा यावर त्यांची हुज्जत सुरू होते. नाव न सांगताच गेला, अशी हळहळही होते. टेनार शांतपणे नाव सांगते. तरुण मांत्रिकाला समोर दिसते ती एका शेतकऱ्याची प्रौढ विधवा. तो तोंड फिरवतो. गावची चेटकीण मॉस तिथेच असते. तिला तर कुणी विचारतही नाही.

या पानावर लेखिका कुठेही आवाज चढवत नाही. त्या तरुण मांत्रिकाचा कान बंद कसा झाला, हे कळायला अर्थसीतली भाषा पाहावी लागते. तिथे पुरुष जादू शिकला की मांत्रिक, बाई शिकली की चेटकीण. रोक बेटावरच्या विद्यापीठाला फक्त मुलगे चालतात. बायकांच्या वाट्याला सुईणपण, जनावरांची दुखणी, हरवलेल्या वस्तू, वशीकरणाचे काढे. आपल्याकडेही मांत्रिकाला घरी बोलावतात आणि चेटकिणीला गावाबाहेर काढतात, तेव्हा मराठी वाचकाला हे वेगळं समजावून द्यायला नको.

गंमत म्हणजे हा भेद ले ग्विन यांनीच घातलेला. मालिकेच्या पहिल्या भागात, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८), नायक गेडला पहिला मंत्र मिळतो तो त्याच्या मावशीकडून. ती चेटकीण. तिच्यावरून कथन घाईनं, काहीसं नाक मुरडूनच पुढे जातं. बावीस वर्षांनी, ‘तेहानू’त, लेखिका तसल्याच एका चेटकिणीच्या झोपडीत शिरते आणि या वेळी बसते. मॉस अस्वच्छ आहे, तिच्या अंगाला वास येतो, ती बडबडते, तिचं अर्धं ज्ञान भाकड आहे. तिला धुऊनपुसून देवी केलेलं नाही. मला या कादंबरीतलं सर्वांत जास्त काय आवडत असेल तर हेच.

दुसरी जागा याहून बोलकी. नवा महामांत्रिक कोण, या प्रश्नावर रोकच्या गुरूंना एवढंच उत्तर मिळतं: गाँट बेटावरची एक बाई. ही बाई आपल्याला त्या पुरुषापर्यंत नेईल, असा अर्थ ते लावतात. उत्तर हातात असून त्यांना ते वाचता येत नाही. महामांत्रिक या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप घडवून ले ग्विन मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्यांनी ती पळवाट घेतली नाही. रोकच्या स्थापनेत बायकाही होत्या, हे त्यांनी सांगितलं ते पुढे, ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’त (२००१).

शेवट मात्र घाईत उरकलाय. खलनायक अॅस्पेन निव्वळ द्वेषाचा पुतळा वाटतो आणि ड्रॅगन ऐन वेळी धावून येतो. तरी ओगियनच्या मृत्यूची ती दोन-चार पानं या मालिकेतली सर्वश्रेष्ठ. ‘तेहानू’ थेट उघडू नका. आधी पहिला भाग वाचा, आणि गेडच्या मावशीपाशी जरा रेंगाळा.